विहीणबाईंचा लाकडी चमचा

आमच्या विहीणबाईंना जगात कुणी काही शिकवू शकत नाही, आणि त्यांनी आपली आपण शिकून घेतली नाही अशी गोष्ट अख्ख्या लातुरात शोधून सापडायची नाही. माझी लेक त्यांच्या घरी सून म्हणून गेली, त्याला आता काही वर्षं झाली. पण नांदेडहून त्यांच्याकडे जायला एसटीत बसलो की अजूनही माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की या खेपेला बाईंनी काय आरंभलं असेल? एकदा गेलो तर बैठकीत पंखा सुटा होऊन पडलेला आणि विहीणबाई पदर खोचून त्याच्या पोटात हात घालून बसलेल्या. पंखा सुरू झाला, मात्र त्या दिवसापासून तो उलटा फिरतो. त्यांना तसं म्हणालो तर म्हणाल्या, "हवा लागायलीय न्हवं तुम्हाला? मग?"

स्कूटी त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या. आमचे व्याही डाळींचे अडत व्यापारी. अमावास्येला बाजार बंद असतो, तेव्हा त्या मोकळ्या आवारात बाई एकट्याच गाडी घेऊन गेल्या. चालवायला तासाभरात आली. थांबवायला आली नाही, म्हणून सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवर नेऊन टेकवली. "थांबायचं काय शिकायचं असतंय त्यात?" हा त्यांचा त्यावरचा खुलासा. "म्होरं कायतरी आलं की थांबतंयच की." त्यांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की त्या कानडीत शिरतात. व्याह्यांना कानडी येत नाही. चाळीस-एक वर्षांच्या संसारात ते एवढंच शिकले, की कानडी सुरू झाली की चपला पायात घालून दुकानाकडे निघायचं.

तर अशा बाईंनी गेल्या वर्षी चमचा कोरायला घेतला. त्याचं झालं असं, की माझ्या जावयाला बंगळुरात नोकरी लागली आणि नातीचं उष्टावण उरकून तिघांनी तिकडं जायचं ठरलं. ही बातमी ऐकून बाई रडतील, निदान कानडीत तरी बोलतील, असं घरातल्यांना वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. वीजवाल्यांनी तारांत शिरणारी दारातल्या कडुलिंबाची फांदी त्याच सुमारास छाटली होती. बाईंनी त्यातला एक जाडजूड तुकडा ओढत आत आणला आणि जाहीर केलं, "उष्टावणाच्या हुग्गीला मी लाकडाचा डाव करणार हाय." हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, आणि डाव म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत ती वाढायचा मोठा पळा.

त्यांनी वाकड्या पात्याची एक सुरी ऑनलाइन मागवली आणि मोबाइलवर एका दाढीवाल्या परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला, पण आवाज बंद करून. "लई बडबड करतंय ते," त्या म्हणाल्या, "आपण त्याचे हात बघायचे." हात बघून डाव सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात डावाची एक बाजू दुसरीपेक्षा फुगीर झाली. ती तासली, तर पहिली फुगीर दिसायला लागली. तीही तासली. असं दोन्ही बाजूंना न्याय देता देता पंगतीचा डाव घरच्या आमटीच्या पळीएवढा झाला. मग दांड्याला चीर गेली, म्हणून तो आखूड केला. बोटं कापली ती वेगळीच. एका हाताच्या तीन बोटांना चिंध्या गुंडाळून त्या भाकरी थापायच्या आणि हात धुतला की पुन्हा ओसरीवर लाकूड घेऊन बसायच्या. माझी लेक तोवर सासूकडून एकच कानडी शब्द शिकली होती, साकु, म्हणजे पुरे. ती दिवसभर स्वयंपाकघरातून ओरडायची, "आत्याबाई, साकु! आता साकु!" पण लाकडाच्या म्होरं काही येईना, त्यामुळे बाई थांबेनात.

उष्टावणाच्या चार दिवस आधी मी आजोळची चांदीची वाटी आणि चमचा घेऊन लातूरला पोचलो, तेव्हा ओसरीभर लिंबाच्या ढलप्या होत्या आणि बाईंच्या मुठीत एक इवलासा चमचा होता.

"डाव कुठाय?" मी विचारलं.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "हुग्गी वाढायला न्हाई उपेगाचा. पण पोरीच्या तोंडाला बरोबर बसतोय बघा."

पण आता त्यांना निराळीच काळजी लागली होती. लिंबाचं लाकूड, लेकराच्या जिभेला पहिलीच चव कडू लागली तर? चमचा उकळून झाला होता, वाळवून झाला होता, तेल पाजून झालं होतं. तरी त्यांचा विश्वास बसेना. व्याह्यांना त्यांनी तो इतक्यांदा चाखायला लावला होता, की ते कानडी सुरू नसतानाही दुकानात जाऊन बसले होते. मी आयताच सापडलो.

"इवाई, जरा जीभ लावा बरं."

आता लेकीच्या सासरी, भर ओसरीत, डोक्यावर टोपी असताना, माणसानं जीभ बाहेर काढायची म्हणजे काय! मी लेकीकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता. मी डोळे मिटले आणि चमचा चाटला.

"कडू लागायलाय का?"

"नाही हो, विहीणबाई."

"खरं सांगा. लेकीच्या सासूला बरं वाटावं म्हणून सांगू नगा."

"खरंच नाही. तेल जरा लागतंय."

त्या दिवशी तो चमचा आणखी एकदा उकळला गेला.

उष्टावणाला माझ्या मुलानं, म्हणजे नातीच्या मामानं, चांदीच्या चमच्यानं पहिला घास भरवला. तो तिनं निमूटपणे गिळला. मग विहीणबाई पुढं झाल्या. नातीनं हुग्गीसकट लाकडी चमचा तोंडात घेतला आणि हिरड्यांत असा काही पकडला, की सोडायचं नावच काढेना. लोक हसायला लागले, जावई फोटो काढायला लागला, कुणीतरी म्हणालं, "ओढा की जरा." विहीणबाई म्हणाल्या, "ओढू नगा, तिला कळंल तवा सोडंल." पोरगी सोडेना, आणि दांड्याचं दुसरं टोक धरलेल्या ह्याही सोडेनात. हुग्गी दोघींच्या हातांवरून खाली गळत होती.

पुढच्या आठवड्यात तिघं बंगळूरला गेली. चमचा अर्थातच बरोबर गेला.

परवा मी कामानिमित्त लातूरला गेलो होतो, तर बाईंकडे डोकावलो. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नात समोर बसून खात होती. लेक म्हणाली, "आत्याबाई, बघा हिनं चमच्याची काय गत केलीय. कड चावून चावून नुसत्या खाचा पाडल्यात. बाजारातून दुसरा आणू का?"

मला वाटलं, आता कानडी. पण विहीणबाईंनी चष्मा लावला. "जवळ धर," त्या म्हणाल्या. "आणखी जवळ."

फोनभर चमच्याची कड दिसायला लागली. तिच्यावर बारीक बारीक खुणा होत्या, खालच्या अंगाला आणि वरच्याही.

"वरचे बी दात आले की गं!"

"हो, आलेत ना. सांगणारच होते तुम्हाला."

विहीणबाईंनी अंगठा काचेवर ठेवला आणि त्या खुणांवरून हळूहळू फिरवला. त्यात काय दाबलं गेलं कोण जाणे, कॉल बंद झाला.

"परत लावून देऊ का?" मी विचारलं.

"राहू द्या, इवाई," त्या म्हणाल्या. "जेवायलीय ती. जेवू द्या."

आणि काळा पडलेला तो फोन बराच वेळ त्यांनी खाली ठेवला नाही.