घरात कुणाला टीबी?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला — तिला तर नाहीच.

मी नांदेडला बातमीदार आहे. एकाने सांगितलेल्या गोष्टीला दुसऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय ती छापायची नाही, ही माझी सवय. त्या सवयीकडे मी परत येईन.

ईशा माझी मुलगी. नऊ वर्षांची असताना तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला — मोठ्या आतड्यात व्रण, शौचातून रक्त. गोळ्या झाल्या. स्टिरॉइड झालं, चेहरा सुजला, रक्त थांबलं नाही. वर्गातून संडासापर्यंत पोचणं होईना म्हणून शाळा सुटली. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं औषध सुचवलं. ते प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणाले. अंगात टीबी दडलेला असेल तर उठतो. तपासणीत काही निघालं नव्हतं, पण स्टिरॉइड चालू असताना त्यावर विसंबता येत नाही. म्हणून विचारलं, "घरात, नात्यात कुणाला टीबी? असेल तर आधी त्याच्यावरच्या गोळ्या, मग हे."

मग — म्हणजे कधी? पोरगी डोळ्यांदेखत पांढरी पडत होती.

आता माझी बहीण. भोकरला दिलेली. लातूरच्या त्या भेटीआधीच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहिली होती, खोकत होती. टीबी आहे हे तिने फक्त मला सांगितलं. "दादा, सासरी कळलं तर नांदवणार न्हाईत मला. वहिनीला बी बोलू नको." बायकोला आम्ही न्युमोनिया सांगितला. ईशा रोज आत्याच्या कुशीत झोपायची. आत्या चिडवायची, "लई वाळलीस गं, तुझ्यापेक्षा तुझी वेणी जाड हाय!"

मी डॉक्टरांना "नाही" म्हणालो. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "न्हाई हो डॉक्टर, आमच्यात कुणालाच न्हाई," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. माझ्या खोट्याला दुजोरा मिळाला.

बहिणीला दिलेला शब्द पाळला, असं मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. तेही खोटं. डॉक्टरांना एकट्यात गाठून सांगता आलं असतं — कोण अडवत होतं? मला औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं होतं, एवढंच.

रक्त थांबलं. ईशा शाळेत जाऊ लागली, वरणभात मागून खाऊ लागली. मग ताप आला. फुप्फुसात टीबी निघाला. ते औषध बंद करावं लागलं, रक्त परत सुरू झालं, आणि शेवटी मोठं आतडं काढलं. आता पोटाला शौचाची पिशवी असते.

टीबी आला कुठून? डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी याही वेळी बहिणीचं नाव घेतलं नाही. उत्तर बायकोनेच शोधलं. ती अंगणवाडीत काम करायची. तिथे किती बाया खोकत येतात! "मीच आणला घरात," म्हणाली, आणि काम सोडलं. तिची तपासणी स्वच्छ आली. तिने त्या कागदावर विश्वास ठेवला नाही.

ईशाची पिशवी बदलताना ती अजून तोंडाला पदर घट्ट बांधते. मी शेजारी उभा असतो — नवी पिशवी हातात धरून.