आई आणि आयी

शिवलीलाबाई मूळच्या पेठ वडगावच्या. १९९४ साली त्यांची बदली झाली ती थेट गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या खेड्यात. शाळा दोन शिक्षकांची, मुख्याध्यापकपद गळ्यात, आणि पहिलीची पोरं घरी निव्वळ कानडी बोलणारी.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी पाटीवर आईचं चित्र काढायला सांगितलं. बघतात तर सगळ्या पाट्यांवर काठी टेकलेल्या म्हाताऱ्या! पोरं चेष्टा करतायत असं वाटून बाईंनी पुढं बसलेल्या सुष्मिताला छडी दिली. दुसऱ्या दिवशी तिची आई पदर खोचून शाळेच्या दारात.

"बाई, तुमी शिकल्याल्या न्हवं? आमच्यात आयी म्हंजे आजी. मी अव्वा! पोरीनं बरोबर काडलंय की!"

बाई ओशाळल्या, पण नुसत्या ओशाळून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. वर्गाच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटनं त्यांनी शब्दांच्या जोड्या लिहून काढल्या. अव्वा – आई. आयी – आजी. नीरु – पाणी. रोज आधी पोरांचा शब्द, मग पुस्तकातला. दिवाळीपर्यंत पोरं घडाघडा वाचायला लागली. सहा वर्षं त्या भिंतीनं पहिलीचा वर्ग चालवला म्हणा ना.

मग विस्तार अधिकारी आकाराम खोत तपासणीला आले. भिंत बघून त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"मराठी शाळेत कानडी? बाई, सीमाप्रश्न पेटवताय काय?"

"पोरांचा प्रश्न सोडवतेय, साहेब. एकाला वाचायला तर सांगून बघा."

"वाचन ऱ्हाऊ दे. आठ दिवसांत चुना मारा, न्हाईतर नोटीस काढतो."

बाईंनी वर तीन अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही. शेवटी दात-ओठ खात चुना मारला.

पुढच्या जूनमध्ये आदेश निघाला: शाळेच्या रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या आईचं नाव हवं, ताबडतोब. बाई तेव्हा प्रशिक्षणाला कोल्हापुरात. खोतसाहेबांनी स्वतः येऊन पहिलीची नवी पोरं ओळीनं उभी केली.

"हं, तुझ्या आईचं नाव सांग."

"शांतव्वा."

"तुझ्या?"

"अंबूबाई."

पोरांनी खणखणीत उत्तरं दिली. साहेबांनी पक्क्या शाईनं लिहून सही-शिक्का मारला.

परत आल्यावर बाईंनी रजिस्टर उघडून बघितलं. ते तसंच काखेत मारून तडक साहेबांचं ऑफिस गाठलं.

"साहेब, सव्वीस पोरांच्या आज्यांना तुम्ही आया करून ठेवलंय!"

साहेबांनी रजिस्टर चाळलंसुद्धा नाही. "खाडाखोड चालत न्हाई. प्रत्येक पालकाचं प्रतिज्ञापत्र आणा."

"चूक तुमची आणि हेलपाटे त्यांना? ती भिंत नुसती वाचली असती तर एवढं झालं नसतं!"

"बाई, आवाज खाली."

बाई शाळेत आल्या. बादलीभर पाणी घेतलं, काथ्या घेतला आणि भिंत घासायला लागल्या. ऑइलपेंटवर चुना धरतोय कुठं? खपल्या पडत गेल्या आणि आधी 'अव्वा' दिसली, मग 'आई'.

नोटीस चौथ्या दिवशी आली. तीन अर्जांची उत्तरं अजून यायचीच आहेत.