कुलूपबंद संगणकांवरची शाहीनआपा

फिरोजभाईंचा फोन आला तेव्हा मी नांदगाव खंडेश्वरला एका सभेसाठी सतरंज्या अंथरत होतो. "शाहीन गेली, भाऊ," एवढंच ते म्हणाले. मागे कुणीतरी माइक तपासत होतं. त्यांची बायको, आमची शाहीनआपा, वर्षभर आजारी होती. तरी ती जाईल असं कुणी धरून चाललं नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

आपा मूळची तेल्हाऱ्याची, कापूस पिकवणाऱ्या घरातली. अमरावतीला आम्ही एकाच महाविद्यालयात होतो. ती संशोधनाला, मी पदवीला. तिचा प्रश्न साधा आणि जीवघेणा होता. पहिल्या पावसावर पेरलं आणि मग पावसानं दडी मारली, तर कोवळं रोप तगेल का? मातीतली ओल आणि ऊन-वारा यांचा रोजचा हिशेब मांडून संगणकावर पीक वाढवून बघणारं एक मॉडेल होतं. ते फुकट मिळे. पण आपाकडे संगणक नव्हता आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक मशीनला कुलूप. कुठलंही सॉफ्टवेअर बसवायला जावं, तर ॲडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट समोर उभी. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणायचे, "बाई, मलेच वरून परवानगी नाही, तुमाले कुठून देऊ?"

आमच्या घरी वडील चळवळीची पत्रकं लिहायचे आणि ती चिकटवायला आई खळ शिजवायची. मला यात सरळ अन्याय दिसला, आजही दिसतो. लोकांच्या पैशानं घेतलेल्या मशीनवर लोकांच्याच शेतीचा अभ्यास करायला परवानगी कुणाची? "दारात बसू आपा, घोषणा देऊ," मी म्हणालो.

"बस ना, नेते. पण घोषणेनं ओल मोजता येते का? तिकडं अब्बाच्या ओसरीवर लोक बसले हायेत. बियाणं घरात पडलं हाये, अन् मले विचारून राहिले, पेरू का थांबू."

महाविद्यालयातल्या एकानं पासवर्ड चोरून आणायची तयारी दाखवली. "नको," ती म्हणाली, "उद्या बदलला तं पुन्हा तिथंच." तिची रीत वेगळी होती. चौकट आली की ती बंद करायची आणि सॉफ्टवेअरचा तोच भाग, न बसवता नुसता उलगडून वापरता येईल अशा रूपात शोधायचा. मशीनच्या सामाईक जागेला हात लावायचा नाही; सगळं आपल्या खात्याच्या फोल्डरात ठेवायचं आणि मॉडेलला सांगायचं, तुझे सुटे भाग तिथं नाहीत, इथं बघ. एक भाग मिळाला की तो दुसरा मागायचा, दुसरा तिसरा... ती न चिडता आणून देत राहायची.

मातीच्या माहितीचं फोल्डर मी बनवलं आणि हट्टानं त्याचं नाव देवनागरीत ठेवलं, 'काळी माती'. मॉडेल सुरू झालं आणि लगेच थांबलं. मातीची फाइल सापडत नाही म्हणे. आपानं नाव पाहिलं. "अरे बाप्पा! जुनं मॉडेल हाये हे, त्याले आपली अक्षरं कुठं वाचता येतात?"

मी भडकलो. माती इथली, कापूस इथला, अन् लिपी परक्याची?

"भांडण खरं हाये तुझं," नाव बदलता बदलता ती म्हणाली, "पण ते पेरणी झाल्यावर कर."

मॉडेल चाललं. पडद्यावरची ओलीची रेघ खाली खाली गेली. तिनं तेल्हाऱ्याला फोन लावला. "अब्बा, थांबा म्हणा त्यायले. पण हा अंदाज हाये, हे बी सांगा."

"पक्कं हाये का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पक्कं नाही. पण तुमच्या जागी मी असती तं थांबली असती."

काही थांबले, काहींनी पेरलं. पाऊस खरंच लांबला. नंतर ती गावी गेली तेव्हा पेरून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला ऐकवलं, "जरा जोरात सांगाचं ना, पोरी." हे मला सांगताना ती हसली नव्हती.

पुढं ती लग्न होऊन अकोल्याला गेली, तिथं शिकवू लागली. परवा त्या घरी गेलो. तिचा संगणक तिच्या खोलीत तसाच होता. तो तिचाच, पासवर्डही तिचा. फिरोजभाईंनी तो मला लावून दिला. बघतो तर तिथंही मॉडेल मशीनवर रीतसर बसवलेलं नव्हतं. सगळं एका साध्या फोल्डरात, जणू स्वतःच्या संगणकावरही तिला काही हक्क नव्हता. मला रागच आला. "स्वतःच्या घरातबी असं काहून?"

"म्या बी इचारलं होतं," फिरोजभाई म्हणाले. "म्हणे, माह्या मशीनवर झालं त्याचं काय कौतुक? ज्याच्या हाती कोणताच पासवर्ड नाही, त्याच्याकडं हे उचलून नेलं का सुरू झालं पाहिजे."

कुलपं निघाली पाहिजेत, हे मी म्हणत राहीनच. तिच्या खुर्चीत बसून ते फोल्डर मात्र पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. रविवारी ते घेऊन तेल्हाऱ्याला निघालो आहे. तिथल्या शाळेत एक संगणक आहे म्हणतात. त्याचा पासवर्ड कुणाकडे असतो, ते मी विचारलेलं नाही.