म्हातारीच्या खोकल्यावरची दवा

बोईसरच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात चप्पल बाहेर काढून येणारं एकच गिऱ्हाईक होतं. "बाबा, हे काय देऊळ आहे?" म्हटलं की हसायचे. "आमाला काय कळतंय, शेठ? तुमी सांगाल तसं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वाणगावच्या आतल्या एका पाड्यावर त्यांची भातशेती. पाड्यात चिखल नांगरणारा पॉवर टिलर एकच, तो त्यांचा, जुना. त्याला ते म्हातारी म्हणायचे. लावणीआधी सगळ्यांच्या खाचरांची चिखलणी म्हातारीच करायची.

एका जूनमध्ये काळजीत आले. "म्हातारीला खोकला झालाय. निळा धूर सोडते. काय दवा हाय का?"

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, खोलायला हवं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दुकानात गर्दी होती, समजावत बसायचा कंटाळा आला, आणि फळीवर ऑइल घट्ट करून धूर तेवढा तात्पुरता दाबणाऱ्या औषधाची बाटली होती. तुम्हीही असे दुकानदार पाहिले असतील. "ही ओता, धूर बंद," मी म्हणालो.

धूर खरंच बंद झाला. पुढच्या खेपेला पिशवीभर रानातली कंटोळी घेऊन आले. "एकदम गुण आला!" मी कंटोळी घेतली, दुसरी बाटली दिली. रिंगांबद्दल तेव्हाही बोललो नाही.

ऐन चिखलणीत म्हातारी जाम झाली. माणसं कुदळी घेऊन खाचरांत उतरली, तरी निम्म्या पाड्याची रोपं लावणीवाचून वाफ्यातच पिवळी पडली.

ते आले तेव्हा मी भांडणाच्या तयारीत उभा होतो. त्यांनी मान खाली घातली.

"माझीच चूक, शेठ. मीच जास्त ओतली असंल. तुमचं नाव खराब नाय ना झालं?"

तेव्हा तरी खरं सांगायचं! मी म्हणालो, "बाटलीवर माप लिहिलंय, बाबा. वाचून घ्यायचं ना." त्यांना वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ते पुन्हा आले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या पाड्यावरची एक बाई पंपाच्या इंजिनासाठी तीच बाटली मागायला आली. बाबा वारले, हे तिच्याकडूनच कळलं. बाटली फळीवर होती, अजूनही.

"ही नको," मी म्हणालो. "इंजिन खोलून बघा. बाबांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

ती हसली. "बाबा बोलायचाच, शेठ लय मोठ्या मनाचे हायेत." तिने बाटली स्वतःच उतरवून माझ्यापुढे ठेवली. "आता माप तेवढं वाचा."