तारेच्या टोकाला गंध

चंद्रमौळीरावांच्या बोटांशी तार बोलते, असं मेलकावेरीत सगळे म्हणत आणि ते सांगण्यात स्वतः चंद्रमौळीराव सर्वांत पुढे. चौतीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन. कुंभकोणमपासून पापनाशम्‌पर्यंतचा खांबन्‌खांब त्यांनी चढलेला. ओल्या बोटाने तारेचं टोक धरायचं, झिणझिण्या आल्या की लाइन जिवंत. नाही आल्या तर टोक सोलायचं, धोतराच्या सोग्याने लख्ख पुसायचं आणि पीळ द्यायचा. फोन सुरू झाला की त्या घरची कॉफी प्यायची आणि पुढच्या खांबाला लागायचं.

आता गुडघे गेले, ते खांबही गेले, आणि हॉलच्या भिंतीवर वायफायचा एक पांढरा डबा आला. या डब्याला चंद्रमौळीराव मनातून कमी लेखत. झिणझिण्यासुद्धा न देणारी कसली ही लाइन! पण मुलगी लावण्या आणि तीन वर्षांची नात रम्या सिंगापूरहून याच डब्यातून घरी येत, म्हणून त्याला मान होता.

नवमीला इकडे हत्यारांची पूजा होते. पाटावर मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी वापरायची नाही. रावांनी आपली जुनी पक्कड, पेचकस, हातोडी मांडली आणि मग डब्याकडे पाहिलं.

"त्यास भिंतीवरच असूं द्या वो," नागलक्ष्मी, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेथेंच कुंकू लावा. उद्यां रम्या त्यांतूनच पहिलें अक्षर गिरवणार आहे."

"काम करणारी वस्तू आहे. तिला देवापुढें न आणून कसें चालेल?"

चंद्रमौळीरावांशी तारेच्या विषयावर वाद घालायचा नाही, हे नागलक्ष्मी चाळीस वर्षांत शिकली होती. डबा खाली आला. त्यात शिरणारी पातळ वायर रावांनी उपसली. आता तांब्याच्या कामात सगळी करामत टोकाची असते. तेव्हा त्यांनी सवयीने टोक सोग्याने पुसलं आणि भक्तिभावाने गंधाचं बोट त्या टोकालाच टेकवलं.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, डबा भिंतीवर चढला, वायर जागच्या जागी बसली. डब्यावर एक लाल दिवा लागला आणि तो काही केल्या विझेना.

मुहूर्त साडेदहापर्यंत होता. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घरातल्या पोरांचं पहिलं अक्षर घरातल्या सर्वांत वडील माणसाने सांगायचं, तांदळावर, आणि ते मराठीत. तमिळ नंतर शाळा शिकवतेच. रावांच्या आजोबांनी त्यांचं बोट धरलं होतं, रावांनी लावण्याचं. रम्याच्या शाळेत तर तमिळसुद्धा नव्हतं. आज चुकलं तर तिच्यापर्यंत आपलं पहिलं अक्षर पोचणार कसं, या विचाराने म्हातारा आतून हलला होता. वरवर मात्र त्याचा पारा चढलेला होता.

नागलक्ष्मीच्या मोबाइलवरून गच्चीत जाऊन पाहिलं. त्या गल्लीत सिग्नल पाहुण्यासारखा यायचा. अर्ध्या उघड्या तोंडाची रम्या पडद्यावर गोठली, लावण्याचं "अप्पा, अप्पा" तुकड्यातुकड्याने ऐकू आलं आणि सगळं बंद पडलं. तक्रारीच्या नंबरावर रेकॉर्ड केलेली एक बाई तीनदा गोड बोलली. शेवटी रावांनी कनेक्शन देणाऱ्या दुकानालाच फोन लावला आणि खडसावलं, "खांबावरचा सांधा सुटलेला आहे. मी लाइनमन होतो. मला सांगू नका."

दहा वाजून पाच मिनिटांनी दारासुरम्‌कडून स्कूटरवर एक मुलगी आली. सुंदरी तिचं नाव, वय पंचविशीच्या आतलं, हत्यारांच्या पिशवीवर कुंकू. राव तिला तमिळमध्ये खांबाचा इतिहास सांगू लागले. तिने मान डोलावली, डब्यातून वायर काढली, टोक डोळ्यांसमोर धरलं आणि नाकाशी नेलं.

"सार, याला चंदनाचा वास येतोय."

नागलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली, पण तिने तोंड उघडलं नाही. त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत.

"मीच लावलं," राव म्हणाले. "टोक पुसलं आणि लावलं. खांबावर काही झालेलं नाही."

"डब्याला गंध लावलेली सकाळपासून तीन घरं झाली," सुंदरी म्हणाली. "टोकाला लावलेलं पहिल्यांदाच बघते. सार, यात तांबं नाही. काचेचा केसासारखा धागा आहे, त्यातून उजेड जातो. एवढासा डागही त्याला पुरतो."

तिने टोक साफ करायचं पेनासारखं काहीतरी काढलं, टोकावर टेकवून दाबलं. टिक् आवाज झाला. पुन्हा एकदा टिक्. वायर बसवली. लाल दिवा विझला, हिरवा लुकलुकला आणि स्थिर झाला. चंद्रमौळीरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच सिंगापूरला फोन लावला.

दहा वाजून बावीस मिनिटांनी रम्या पडद्यावर आली. समोर ताटात तांदूळ, लावण्याच्या हातात तिचं बोट.

"श्री म्हण, बाळ," राव म्हणाले. "आधीं उभी रेघ. आतां वळव. सावकाश."

रम्याने तांदळात काहीतरी वाकडंतिकडं ओढलं आणि ती मोठ्याने म्हणाली, "श्री." मग तांदूळ विस्कटून आजोबांना म्हणाली, "ताता, परत." परत झालं. चार वेळा झालं. नागलक्ष्मी पदराआड हसत होती आणि रडतही होती.

फोन संपला तेव्हा सुंदरी पिशवी उचलून निघाली होती. रावांनी तिला थांबवलं.

"ते टिक् करणारं कसं धरायचं, मला दाखव."

तिने दाखवलं. पहिल्यांदा रावांच्या जाड बोटांतून ते निसटलं, दुसऱ्यांदा जमलं. राव उठले, देवासमोरचं विड्याच्या पानांचं ताट उचलून आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

सुंदरी संकोचून मागे सरकली. "सार, आजच्या दिवशी हे गुरूला द्यायचं असतं."

"ठाऊक आहे," चंद्रमौळीराव म्हणाले, आणि ताट तसंच धरून उभे राहिले.