नारळाच्या पाण्याला पुरून उरणारा कपलर

गाडीच्या वायरीला टेप गुंडाळणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फार वाईट आहे. वायर सोलायची, दोन टोकांना पीळ द्यायचा, वर काळी टेप फिरवायची आणि हात झटकत म्हणायचं, "काकू, आता बघायला नको." खरंच बघायला नको असतं ते. उन्हाने टेपचा चिकटा वितळतो, टेप सुटते आणि आतलं तांबं उघडं पडतं. माझ्या लहान लाल गाडीचा पुढचा डावा दिवा असाच जायचा. त्याचा मूळचा कपलर, म्हणजे दोन बाजूंच्या वायरी एकमेकींत अडकवायचा प्लॅस्टिकचा जोड, कधीतरी जळला होता. मेकॅनिकने तो कापून टाकला आणि टेप मारून दिली. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास दिवा बंद, आणि पुन्हा नवी टेप.

माझा मुलगा हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. इंजिनिअर आहे, हे मुद्दाम सांगते. त्याचं निदान ठरलेलं. "आई, गाडी म्हातारी झाली. पावसाचं पाणी जातं आत. विकून टाकू, तू रिक्षाने जात जा."

रिक्षाने जा, म्हणे. माझी धाकटी बहीण येरवड्याला असते. गुडघ्यांनी तिला घरात बसवलंय, रिक्षात पाय उचलून ठेवणं तिला जमत नाही. दर गुरुवारी मी तिला गाडीत बसवून फिरवून आणते, तेवढंच तिचं घराबाहेर पडणं. गाडी गेली की ती चार भिंतींत, आणि मी समोरच्या खुर्चीत बसून औषधांची नावं ऐकणार.

पण पावसाचं ते निदान मला काही पटेना. अख्खा पावसाळा दिवा लख्ख आणि पाऊस सरल्यावर बंद, असा कसला हो हा पाऊस? एकदा मीच बॉनेट उघडलं आणि टेप सोडवली. आतली तार हिरवीगार, चिकट, आणि त्या चिकट्यात चक्क हळद. मग उजेड पडला. दसऱ्याला आमचे चिरंजीव बॉनेट उघडून यंत्राची साग्रसंगीत पूजा करतात. बॅटरीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी इंजिनावर, वायरींवर, भक्तिभावाने सगळीकडे. पावसाला जे जमलं नाही ते ह्या तीर्थाने केलं होतं.

त्याला सांगितलं, तर म्हणाला, "काहीही काय, आई. आजोबांपासून असंच करतात आपल्याकडे."

"आजोबांकडे सायकल होती."

"पूजेत मी काटकसर करणार नाही."

"नको करूस. पण ह्या दसऱ्यानंतर तुळशीच्या लग्नापर्यंत दिवा टिकला, तर गाडी विकायचं नाव काढायचं नाही. गेला, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन."

तो लगेच कबूल झाला. वर मला तोडगाही सुचवला. बाथरूमच्या फटीत भरतात ते पांढरं सिलिकॉन जोडावर थापायचं. मी ट्यूब नाकाशी धरली, तर व्हिनेगरसारखा आंबट वास. तांब्याला आंबट लागलं की काय होतं, हे कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी केलेल्या कुठल्याही बाईला विचारावं. त्याला चार वर्षं कॉलेजात घालूनही हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी नाना पेठेत गेले. वॉटरप्रूफ कपलर मागितला. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "गाडी आहे की होडी?"

"माल आहे की नुसती उत्तरं?" मी म्हटलं.

त्याने पाकीट पुढे टाकलं. त्यावर वॉटरप्रूफ हा शब्द मला चष्म्याशिवायही दिसेल एवढा मोठा, आणि आत रबराचा पत्ता नाही.

"ह्यात रबर कुठे आहे?"

"आजी, प्लॅस्टिक आहे ते. प्लॅस्टिकमधून पाणी जात नाही."

"भोकातून जातं."

ह्यावर त्याने आतून दुसरा डबा काढला. म्हणजे माल होता, पण तो मागणाऱ्याची परीक्षा घेऊन मग द्यायचा. मी प्रत्येक कपलर उघडून पाहिला. दोन अर्ध्या भागांमध्ये रबरी कडं हवं, आणि मागच्या बाजूला प्रत्येक वायरीला आपापली रबरी बांगडी हवी. ती वायरीला घट्ट बसली पाहिजे. बारीक वायर आणि सैल बांगडी म्हणजे पाण्याला आमंत्रणच. माझ्या दिव्याला तीन वायरी, आणि घेण्यासारखा कपलर निघाला चार भोकांचा. चौथ्यासाठी रबरी बूच मागितलं, तर "एक भोक उघडं राहिलं तर काय बिघडतं?" म्हणाला. ह्यांच्या छपरालाही एकच भोक पडावं, मग कळेल. बूच घेतल्याशिवाय मी हलले नाही.

वायरींच्या टोकांना बसवायच्या कपलरच्या पिना मी घरी बसून चेपल्या, त्यासाठीची खास पक्कड आणून. साधी पक्कड पिनेला नुसती चपटी करते, ती वायरीला धरत नाही. कपलर बसवताना तोंड खाली ठेवलं आणि वायरींना थोडा झोळ दिला, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशीच गळून जावं, जोडापर्यंत चढू नये.

दसऱ्याला चिरंजिवांनी नारळ फोडला आणि पाणी नेमकं डाव्या दिव्यामागे ओतलं. मी म्हटलं, "कमी पडलं का रे? दुसरा आहे घरात." त्याने तोही फोडला.

दिवाळी झाली. दिवा जळत होता. दर गुरुवारी बहिणीला घेऊन निघण्याआधी ती काठी टेकत पुढे येऊन बघायची, मग गाडीत बसायची. तुळशीचं लग्न लागलं, दिवा जळतच होता. दुसऱ्या दिवशी मुलगा एका गृहस्थांना घेऊन आला. गिऱ्हाईक. मला न विचारता आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण दिवा जाणार ह्याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

गृहस्थांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. "मावशी, हे वायरिंग कुणी केलं? अगदी कंपनीतून आल्यासारखं आहे."

मुलाचा चेहरा उजळला. "बघ आई, आता चांगली किंमत येईल."

दिवा टिकला म्हणून गाडी ठेवायची, हे आमचं ठरलेलं. दिवा टिकला म्हणून गाडी विकण्याजोगी झाली, हे त्याचं गणित. मी बॉनेट खाली घेतलं.

"आपण चहा घेऊन जा," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "गाडी मला गुरुवारी लागते."

"आई, मी त्यांना कात्रजहून बोलावलंय."

"मग सोडून ये ना त्यांना. तुझ्या गाडीने."