इंजेक्शन थांबवल्यानंतरचं वर्ष

माझ्या मोठ्या जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावरून शिष्यमंडळींनी त्यांचं नाव ब्रेकबाई पाडलं होतं. मी त्यांना ताई म्हणायचे. समोर झाड दिसलं की एखादा नवशिका स्टिअरिंग गच्च धरून डोळे मिटून घ्यायचा. तेव्हा ताई शांतपणे म्हणायच्या, "झाडाला कशाला घाबरता? ते जागचं हलत नाही. तुम्हीच त्याच्याकडे निघाला आहात."

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ताईंची मुलगी नुकती बोलायला लागली होती. अंगानं एवढीशी आणि सारखी कशात तरी गुंतलेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. रडली की ओठ निळसर व्हायचे. त्यामुळे तिला रडू द्यायचं नाही, हा घराचा एकमेव कायदा होता आणि मुंगीला तो पुरेपूर ठाऊक होता. चप्पल नुसती हातात घेऊन दारात उभी राहिली, की माझे थोरले दीर, म्हणजे तिचे बाबा, हातातलं काम टाकून तिला फिरवायला न्यायचे. ते फ्रिज दुरुस्त करायचे. अर्धा उघडलेला फ्रिज आणि त्याच्या मालकिणीची बडबड तशीच मागे सोडून ते कितीदा घरी धावत आले असतील, कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलीचं वजन वाढलं की ऑपरेशन करू. तोवर दुसऱ्या मुलाचा विचार नको, असं ताई आणि दीर या दोघांनी मिळून ठरवलं. मुंगी अंगावर पीत होती तेव्हाच दोघं दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. त्यात एकच हार्मोन असतं, दुधावर परिणाम होत नाही, रोज गोळी लक्षात ठेवायची कटकट नाही. "पहिले काही महिने पाळीचा नेम राहणार नाही," नर्सबाई म्हणाल्या होत्या, "मग कदाचित थांबेलही. घाबरायचं नाही."

ताईंची पाळी खरंच थांबली. दिवसभर गाडीत बसणाऱ्या बाईला ते सोयीचंच होतं. सासूबाईंना मात्र ते पटेना.

"अगं, रक्त जातं कुठे मग? आत साठत असेल."

"साठत नाही हो आई. आतलं अस्तरच वाढत नाही, मग जायचं काय?"

"तुला काय, गाड्या कळतात," सासूबाई म्हणायच्या आणि विषय तिथे संपायचा. तेव्हा त्या बोलण्याला धार नव्हती.

मुंगी शाळेत जायला लागली त्या वर्षी ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. डॉक्टर बाहेर येऊन हसले, दिरांनी त्यांचे हात धरले. मग संसर्ग झाला आणि आठवड्याच्या आत मुंगी गेली.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहिता येत नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. ताई महिनाभर घरी होत्या, मग एक दिवस उठून कामावर गेल्या. नवशिक्यांवर ओरडणं त्यांनी बंद केलं. त्या आधीही फार ओरडायच्या नाहीत, पण आता तर कुणी चुकीच्या गल्लीत शिरला तरी त्या शिरू द्यायच्या.

दोनेक महिन्यांनी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला पुन्हा आई व्हायचंय गं. तिच्या जागी नाही. तिची जागा तशीच राहील. पण घरात कुणी तरी मला हाक मारायला हवं."

शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या थोडंच आधी घेतलेलं होतं. पुढचं त्यांनी घेतलं नाही. इंजेक्शन थांबलं की पाळी येणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली नाही. वय चाळिशीकडे झुकलेलं, त्यामुळे प्रत्येक महिना अंगावर यायचा.

सासूबाईंच्या बोलण्याला आता धार आली. "मी म्हणत नव्हते? इतकी वर्षं विष टोचून घेतलं. कूस वाळली." आधी हे स्वयंपाकघरात व्हायचं, मग पाहुण्यांसमोर व्हायला लागलं. मुंगीच्या वाट्याचं रडणं बिचाऱ्या सासूबाई असं बाहेर काढत होत्या, हे मला कळत होतं. पण जिच्यावर ते पडत होतं, तिचं काय?

दीर गप्प राहायचे. ताई त्यांच्याकडे बघायच्या, की हे आता म्हणतील, आई, आम्ही दोघांनी ठरवलं होतं. एकदा जेवताना सासूबाईंनी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा ते ताटाकडे बघत म्हणाले, "झालं ते झालं. घेतलं तिनं इंजेक्शन."

'तिनं.' ताईंनी हातातला घास खाली ठेवला. उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दवाखान्यात गेल्या. नर्सबाई त्याच होत्या, केस पांढरे झालेले. मुंगीबद्दल ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"कूस वगैरे काही वाळत नाही," त्या म्हणाल्या. "पण या इंजेक्शनाचा अंमल हळूहळू उतरतो. शेवटच्या इंजेक्शनापासून धरलं तर दिवस राहायला बहुतेकींना नऊ-दहा महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्ष. गोळ्यांचं किंवा दंडात कातडीखाली बसवतात त्या हार्मोनच्या कांडीचं तसं नसतं, ते थांबवलं की लवकर पूर्ववत होतं. इंजेक्शन एकदा शरीरात गेलं की काढून घेता येत नाही."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

नर्सबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही मूल नको म्हणून आला होतात. तान्ही मुलगी मांडीवर होती. पुढे कधी घाईनं मूल हवं होईल, हे माझ्याही मनात आलं नाही. सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

ताई बाहेर येऊन गाडीत बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. "औषध वाईट नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मला निर्धास्त मुंगीपाशी राहता आलं ते त्याच्यामुळेच. एक वाक्य कमी पडलं."

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई "दवाखान्यातले लोक काय, म्हणणारच" म्हणून मोकळ्या झाल्या. दिरांनी मान हलवली आणि ते कामाला निघून गेले.

वर्ष उलटून गेल्यावर ताईंची पाळी आली. गाडी शिकवत असतानाच आली. शिष्याला रस्त्याच्या कडेला थांबायला सांगून त्या स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या आणि थेट घरी आल्या. तो बिचारा मागच्या सीटवर, आपलं काय चुकलं याचा विचार करत. त्यांना मी इतकं हसताना मुंगी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आत येऊन त्यांनी मला मिठीच मारली.

दीर घरीच होते. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"अहो, आली. मी म्हटलं नव्हतं?"

आत खुर्ची सरकली.

"आता नको," दीर म्हणाले.

"म्हणजे?"

"मला नाही जमायचं पुन्हा. आणखी एक तसंच झालं तर? त्याच्याही ओठांकडे बघत बसायचं?" त्यांचा आवाज फाटला. "तुझी पाळी येत नव्हती तेव्हा मला बरं वाटत होतं. मला काही बोलावं लागत नव्हतं."

"आणि आई मला वर्षभर बोलत होत्या ते?"

ताई बाहेर आल्या. अंगणात तो शिष्य अजून ताटकळत होता. "चला, तुमचा तास राहिलाय," असं त्याला म्हणून त्या गेल्या.

त्यानंतर त्या दोघांत भांडण असं झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. ताई मागच्या छोट्या खोलीत झोपायला लागल्या. सासूबाईंना कारण कळलं, तेव्हा त्या पहिल्यांदा मुलावर ओरडल्या आणि मग ताईंच्या दाराशी जाऊन बसून राहिल्या. ताईंनी त्यांना चहा आणून दिला. माफी मागणं, देणं असलं काही दोघींना जमलं नाही.

आणखी एक वर्ष असंच गेलं. मग एका सकाळी दीर स्वतःहून म्हणाले, "आपण मुंगीच्या डॉक्टरांना विचारू या का?" दोघं गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं की दुसऱ्या मुलाला तसंच होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, पण तरी शंभरातल्या दोन-चार जणांइतकीच. पोटात असतानाच तपासताही येतं. परत आल्यावर दीर पायरीवर बसले आणि बूट न काढता कितीतरी वेळ रडले. "एवढंच विचारायचं होतं," ते सारखं म्हणत होते. ताई शेजारी बसल्या. हात मात्र त्यांनी आपल्याच मांडीवर ठेवला होता.

पुढे त्यांनी प्रयत्न केला. दिवस राहिले नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, यात इंजेक्शनाचा आता काही संबंध नाही, वय झालंय. ताईंनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा तपासायला गेल्या नाहीत.

माझा मुलगा झाल्यावर मी दंडात कांडी बसवून घेतली, तेव्हा ताई बरोबर आल्या होत्या. प्रश्न सगळे त्यांनीच विचारले. काढल्यावर किती दिवसांत पाळी येते? रक्तस्राव फार झाला तर काय करायचं? मन बदललं तर लगेच काढून देणार ना? नर्सबाई एकेकाचं उत्तर देत गेल्या. मग ताई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या नवऱ्याला हे सगळं माहीत आहे?"

मी म्हटलं, हो.

"तोंडानं हो म्हणालाय?"

"म्हणालाय, ताई."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि माझं बाळ मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.